शाळेच्या फाटकापासून सरळ रेषेत

दोन्ही जावांना एकाच वर्षी मुली झाल्या आणि तुलनेला तिथूनच सुरुवात झाली. थोरलीची आधी, धाकटीची काही महिन्यांनी. कागदोपत्री दोघींना छान लांबलचक नावं होती, पण घरात मोठी आणि छोटी हीच राहिली. मोठीला दात आधी आले, तर छोटी आधी चालली. मोठी आधी बोलायला लागली, तर छोटी उशिरा का होईना, पहिल्यांदा बोलली ती पूर्ण वाक्यच बोलली. लोक हसत, कौतुक करत आणि विसरून जात. थोरली मात्र विसरत नसे.

थोरलीला गल्लीत सगळे फ्रेमवाली म्हणत. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चावीवाला आणि चपलांचं दुकान यांच्या मधोमध तिचं चिंचोळं दुकान होतं. पुढे काउंटर, भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने आणि मागे काच कापायचं टेबल. दुकान वडिलांचं. भावाला त्यात रस नव्हता, हिला होता. काचेवर हिरकणीच्या कटरची रेघ ओढून टकदिशी तुकडा पाडावा तर तिनेच. चार पट्ट्या तिरक्या कापून तिने जोडल्या की कोपऱ्यात नखसुद्धा शिरत नसे. "कोपऱ्यात फट राहिली की माणसाला फोटो दिसत नाही, फटच दिसते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तिचं स्वतःचं तर फारच तसं होतं. कुठेही गेलं तरी तिचे डोळे आधी फट शोधायचे.

धाकटीत मात्र तिला फट सापडत नव्हती आणि तेच तर दुखणं होतं. धाकटी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. हळू बोलायची, हसली की गालाला खळी पडायची, कपड्यांना कधी सुरकुती नसायची. तिचा नवरा, म्हणजे फ्रेमवालीचा दीर, सोफ्यांच्या मोठ्या शोरूममध्ये विक्रेता होता. तोंडात साखर. नुसतं बघायला आलेल्या माणसाला तो सोफ्यावर बसवायचा आणि बसलेल्याला तो सोफा विकायचा. उलट फ्रेमवालीचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. संध्याकाळी ग्रीसने काळे झालेले हात घेऊन यायचा, ते घासत घासत दिवसभरात कोण कुठे अडकलं होतं त्याच्या गमती सांगायचा. माणूस सोन्यासारखा, पण चारचौघांत उठून दिसेल असा नव्हे.

"हिला काही न करता सगळं मिळतं," फ्रेमवाली म्हणायची. "मी हात कापून घेते तेव्हा कुठे काच निघते. हिच्या काचा आपोआप निघतात."

"तू तिला पाण्यात पाहतेस," नवरा म्हणायचा.

"मी कशाला पाहू? तीच दिसते."

जावा जावा, उभा दावा म्हणतात. इथे दावाही उभा नव्हता. धाकटी तिला प्रेमाने ताई म्हणायची, सल्ला विचारायची, मोठीच्या दातांची तपासणी स्वतः करवून द्यायची. भांडायला निमित्तच द्यायची नाही. त्यामुळे फ्रेमवालीची धग आतल्या आत राहायची.

मुली प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात गेल्या तेव्हा वरच्या शाळेचा विषय निघाला. वरची शाळा म्हणजे टेकडीवरची मुलींची माध्यमिक शाळा. लाल विटांची इमारत, मोठं लोखंडी फाटक आणि आत जायचं तर परीक्षा. फ्रेमवालीच्या दुकानात दर वर्षी त्या शाळेचे वर्गाचे फोटो फ्रेमला यायचे. रांगेत उभ्या मुली, गडद निळे कोट. आया फोटो काउंटरवर ठेवताना उगाचच सांगायच्या, "ही तिसऱ्या रांगेतली आमची." फ्रेमवाली काच पुसायची आणि मनात मोठीला तिसऱ्या रांगेत उभी करायची.

शाळेने पालकांना माहिती द्यायला सभागृहात बोलावलं, तेव्हा दोघी जावा शेजारीशेजारी बसल्या. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाई व्यासपीठावर आल्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आवाज सपाट.

"परीक्षा तीन विषयांची," त्या म्हणाल्या. "भाषा, गणित आणि बुद्धीची कोडी. ज्या मुली वर्षाच्या शेवटी जन्मल्या, त्यांना वयाचे थोडे गुण वाढवून मिळतात. अकरा वर्षांच्या वयात सहा-आठ महिन्यांनीही फरक पडतो."

फ्रेमवालीच्या कपाळावर आठी पडली. म्हणजे छोटीला वरून गुण! माझी आधी जन्मली हा काय तिचा गुन्हा?

"ठरलेल्या रेषेच्या वर जितक्या मुली येतील, त्या सगळ्या आमच्या दृष्टीने सारख्याच," बाई पुढे म्हणाल्या. "पण पास होतात पुष्कळ आणि जागा कमी. मग आम्ही अंतर बघतो. जी फाटकाच्या जवळ राहते तिला आधी."

मागून एका बापाने विचारलं, "अंतर रस्त्याने की कसं?"

"नकाशावर पट्टी ठेवून. सरळ रेषेत."

घरी आल्यावर फ्रेमवालीने शहराचा नकाशा काच कापायच्या टेबलावर पसरला आणि स्टीलची पट्टी घेऊन स्वतःच अंतर मोजलं. मग धाकटीच्या फ्लॅटचं मोजलं. नदीपलीकडचा तो फ्लॅट तिच्याहून लांब होता. तिला इतकं बरं वाटलं की तिने नवऱ्याला न मागता दुसरा चहा दिला.

पुढचे काही महिने अभ्यासाचे गेले. मोठी दुकानातच काउंटरमागे बसून कोडी सोडवायची. छोटी शनिवारी यायची, मग दोघी मिळून बसायच्या. फ्रेमवाली छोटीच्या वहीत डोकावायची, बरोबर उत्तर दिसलं की छातीत काहीतरी टोचायचं आणि चुकलेलं दिसलं की स्वतःचीच लाज वाटायची. पण लाज वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटायचं, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

आणि परीक्षेच्या थोडं आधी धाकटी सहज बोलावं तशी म्हणाली, "ताई, आम्ही खोली घेतली. शाळेच्या खालच्या रस्त्यावर. बेकरी आहे ना, तिच्या वर."

फ्रेमवालीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "खोली? आणि फ्लॅट?"

"तो आहेच. तुमच्या दिरांना तिथून शोरूम जवळ पडतं. ते तिकडे, आम्ही दोघी इकडे. सध्यापुरतं."

धाकटीने हे काचेकडे बघत सांगितलं. फ्रेमवालीने त्याचा एकच अर्थ काढला. बेकरीवरून शाळेचं फाटक दिसत होतं. तिथे पट्टी ठेवायचीसुद्धा गरज नव्हती.

"बघितलंस?" तिने संध्याकाळी नवऱ्याला गाठलं. "पत्त्यासाठी खोली घेतली. राहायचं एकीकडे आणि दाखवायचं दुसरीकडे. लोक करतात असं, ऐकलं होतं. आपल्याच घरात बघायला मिळालं."

"राहत असतील खरंच."

"तुझा भाऊ राहतो का तिथे? नाही ना? त्याचे शर्ट अजून फ्लॅटच्या गॅलरीत वाळत असतात. मी बसमधून पाहिले."

"तू बसमधून शर्ट बघतेस?" नवरा म्हणाला आणि ग्रीस घासायला गेला.

निकाल लागला. दोघी पास झाल्या. मोठीने पेपरात छोटीपेक्षा जास्त गुण मिळवले होते, वयाचे धरले तर दोघी जवळजवळ बरोबरीत आल्या. पण त्या गुणांना आता कोण विचारतो? रेषेच्या वर सगळ्या सारख्या. पट्टी फिरली आणि छोटीला जागा मिळाली. मोठीला सांगण्यात आलं की ती प्रतीक्षेत आहे, तिच्याआधी एकच मुलगी आहे, कोणी जागा सोडली तर कळवू.

धाकटी खास दुकानात आली. "ताई, मोठीलाही मिळेल बघा. तिला तर जास्त गुण आहेत."

ती मनापासून बोलत होती आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. फ्रेमवाली हसली, अभिनंदन केलं, छोटीला खाऊ दिला. त्या गेल्यावर तिने काच कापायला घेतली आणि तुकडा वाकडा पडला. दुसरा घेतला, तोही वाकडा.

त्या आठवड्यात तिला दुसरं काही सुचलं नाही. अन्न गोड लागेना. दुकानातून घरी जाताना ती वाट वाकडी करून बेकरीच्या रस्त्याने जायची आणि वर बघायची. कधी खिडकीत दिवा असायचा, कधी नसायचा. दिवा नसला की तिचा संशय पक्का व्हायचा. असला की ती म्हणायची, मुद्दाम लावून ठेवला असेल. एकदा मनाने ठरवलं की डोळे काय, मनाचे नोकरच.

एका दुपारी दुकानात कोणी नसताना तिने शाळेला फोन केला.

"मी एक पालक बोलतेय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "बेकरीच्या वरच्या खोलीचा पत्ता देऊन एका मुलीला जागा मिळाली आहे. ते कुटुंब तिथे राहत नाही. नदीपलीकडे त्यांचा फ्लॅट आहे." आणि तिने फ्लॅटचा पत्ता सांगितला.

"तुमचं नाव?" पलीकडच्या बाईंनी त्याच सपाट आवाजात विचारलं.

"नाव कशाला हवं? तुम्ही खात्री करून घ्या, एवढंच म्हणणं आहे. ज्यांची मुलं खरोखर शिकून पास झाली, त्यांच्यावर अन्याय नको."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. अन्याय हा शब्द तिला आवडला होता. तो बोलल्यावर हेवा हेव्यासारखा दिसत नव्हता.

शाळेने खात्री केली. शाळेचा माणूस दुपारी बेकरीवर गेला तेव्हा खोलीला कुलूप होतं. धाकटी दवाखान्यात, छोटी शाळेत. मग संध्याकाळी तो नदीपलीकडे गेला. दार दिराने उघडलं. माणसाने विचारलं, तुमची पत्नी आणि मुलगी कुठे राहतात? दिराच्या शेजारचे जिन्यात उभे होते. दीर छान हसला आणि म्हणाला, "इथेच की. आपलं घर सोडून कुठे राहणार? खोली आपली अभ्यासापुरती घेतली आहे."

छोटीची जागा गेली.

यातलं फ्रेमवालीला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. तिला कळलं ते फक्त इतकंच की एका सकाळी फोन वाजला आणि बाई म्हणाल्या, "एक जागा मोकळी झाली आहे. तुमच्या आधीची मुलगी दुसऱ्या गावी गेली. तेव्हा ती तुमच्या मुलीला देत आहोत."

तिने दुकान अर्ध्यावर बंद केलं. चावीवाल्याला सांगितलं, चपलांच्या दुकानात सांगितलं, रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. नवरा कामावरून आला तर त्याचे काळे हात तसेच धरून ती नाचली. मोठी प्राथमिक शाळेतून आली, तिला जवळ ओढून सांगितलं. मोठी किंचाळली, पलंगावर उड्या मारल्या आणि मग एकदम थांबली.

"छोटी आज वर्गात रडत होती," ती म्हणाली. "तिची जागा काढून घेतली म्हणे."

 जागा कुणाची हे फ्रेमवालीने सकाळीच ओळखलं होतं. तिने फक्त ते मनात पुढे येऊ दिलं नव्हतं.

दिवेलागणीला दार वाजलं. धाकटी एकटीच होती. पहिल्यांदाच तिच्या कपड्यांना सुरकुत्या दिसल्या. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, पाण्याचा पेला हातात घेतला आणि प्यायली नाही.

"ताई, तुमच्याकडे एक मागायला आले आहे," ती म्हणाली. "शाळेला कोणीतरी सांगितलं की आम्ही खोलीत राहत नाही. पण आम्ही राहतो हो. हिवाळ्यापासून तिथेच राहतो."

"अगं, पण फ्लॅट..."

"मी फ्लॅट सोडला. म्हणजे त्यांना सोडलं." तिचा आवाज अजूनही हळूच होता. "तुमचे दीर बाहेर इतकं बोलतात ना? घरी बोलत नाहीत. रागावून नव्हे. नाहीच बोलत. महिनोन् महिने. मी जेवण वाढते, ते जेवतात, उठतात. मी आधी हसून सांगायची लोकांना, की त्यांचे शब्द शोरूममध्येच संपतात. मग एक दिवस छोटीने विचारलं, आई, बाबांना आपण दिसतो का? त्याच आठवड्यात मी खोली बघितली. शाळेजवळ मिळाली ती केवळ योगायोगाने. दवाखाना त्या रस्त्याला आहे, म्हणून."

 बाहेरच्या खोलीत फ्रेमवालीच्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"मग सांगितलं का नाहीस आम्हाला?" फ्रेमवाली म्हणाली.

"लाज वाटली. तुमच्यासमोर तर फार वाटली." धाकटीने पहिल्यांदा मान वर केली. "खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटायचा, ताई. भाऊजी घरी येतात, हात धूत धूत बोलत असतात, तुम्ही त्यांच्यावर ओरडता. मी घरी गेल्यावर ते सगळं आठवत बसायची. वाटायचं, यांना काही न करता मिळालंय."

फ्रेमवालीने ते ओळखलं. आपलेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याबद्दलच. आणि लपवण्यात काय अर्थ, त्यात तिला थोडं सुखही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचा हेवा करत होतं, आणि तेही कोण, तर धाकटी. ते सुख जेमतेम घोटभर टिकलं.

"शाळेत तुम्ही माझ्याबरोबर चला," धाकटी म्हणत होती. "तुमच्या दिरांनी तिकडे फ्लॅटवर सांगितलं की आम्ही सगळे एकत्र राहतो. शेजाऱ्यांसमोर अब्रू जाऊ नये म्हणून. आता मी एकटी काय बोलणार? सख्ख्या जावेने सांगितलं तर ऐकतील."

छोटीची जागा मोठीला मिळाली आहे, हे धाकटीला माहीत नव्हतं. फ्रेमवालीच्या जिभेवर ते आलं आणि तिथेच अडकलं.

"बघते," ती म्हणाली. "सकाळी सांगते."

धाकटी गेली. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं. नवरा दारात येऊन उभा राहिला, त्याने सगळं ऐकलं होतं. पण बोलली ती मोठी. ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती, आणि तिनेही ऐकलं होतं.

"आई, तू जाऊ नकोस हं," मोठी म्हणाली. "बरं झालं. छोटीला काही न करता सगळं मिळतं. वयाचे गुण मिळाले, खोली मिळाली. आता बसू दे तिला."

तोंड मोठीचं होतं, पण ओठ वाकडे करायची रीत, मान किंचित मागे टाकणं, शब्दाशब्दात भरलेलं ते आंबट समाधान, सगळं फ्रेमवालीचं होतं. काकूचं घर मोडल्याचं ऐकून या पोरीच्या चेहऱ्यावर दुःखाची रेघ नव्हती. ज्या बहिणीबरोबर ती शनिवारी एका वहीत कोडी सोडवायची, ती रडत होती, आणि हिला बरं वाटत होतं. फ्रेमवालीने आयुष्यभर पुष्कळ लोकांमध्ये फटी शोधल्या होत्या. स्वतःच्या पोरीत अशी फट दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि ही पट्टी आपणच वाकडी कापली हे तिला तिथल्या तिथे कळलं.

"कोणी शिकवलं तुला असं बोलायला?" ती ओरडली.

मोठी गोंधळली. "तूच तर म्हणतेस."

सकाळी फ्रेमवालीने दुकान उघडलं नाही. ती बेकरीवर गेली, जिना चढली आणि पहिल्यांदाच ती खोली आतून बघितली. दोन अरुंद पलंग, खिडकीत वाळत घातलेले मोजे, भिंतीवर छोटीने चिकटवलेली चित्रं, एकाच शेगडीवर उकळणारं दूध. खोलीभर ताज्या पावाचा वास. इथे दोघी राहतात हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती रोज खालून बघत होती, वर एकदाही आली नव्हती.

"जायचं ना?" ती म्हणाली. "पण आधी ऐक. छोटीची जागा शाळेने मोठीला दिली आहे."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "मग तुम्ही कशा येणार?"

"चालत," फ्रेमवाली म्हणाली. "चल, नाहीतर माझा विचार बदलेल."

आणि खरंच, टेकडीच्या चढावर तिचा विचार अनेकदा बदलला. फाटक दिसलं तेव्हा बदलला, निळ्या कोटातल्या मुली दिसल्या तेव्हा तर फारच.

कार्यालयात त्याच बाई होत्या. चष्मा नाकावर, समोर दोन जावा. फ्रेमवालीने एका दमात सांगितलं की ही माझी धाकटी जाऊ, ही आणि हिची मुलगी हिवाळ्यापासून खोलीतच राहतात, हिचा नवरा वेगळा राहतो आणि तो जे बोलला ते लाजेखातर बोलला.

बाईंनी ऐकून घेतलं. "जागा परत दिली तर ती कुणाची जाईल, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"माझ्या मुलीची."

बाईंनी चष्मा काढला. "आमच्याकडे फोन आला होता. त्या बाई फार खात्रीने सांगत होत्या."

"त्या बाईंना काडीचंही माहीत नव्हतं," फ्रेमवाली म्हणाली. ते नको इतक्या तावाने म्हणाली. धाकटीने सावकाश मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर खळी नव्हती, डोळ्यांत रागही नव्हता. नुसतं कळणं होतं. फ्रेमवालीने टेबलाच्या कडेकडे बघितलं. कडा नीट घासलेली नव्हती.

शाळेचा माणूस पुन्हा खोलीवर आला, या वेळी सकाळी लवकर, आणि त्याने छोटीला शेगडीसमोर अर्ध्या झोपेत दूध पिताना पाहिलं. जागा छोटीला परत मिळाली.

कार्यालयातून उतारावरून परत येताना त्या दिवशी धाकटी पुढे चालली होती, फ्रेमवाली मागे. वळणावर धाकटी थांबली. "तुम्ही आलात, त्याचे आभार," ती म्हणाली. "दुसऱ्या गोष्टीबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही. मला जमणार नाही." आणि दवाखान्याच्या दिशेने वळली.

ती बराच काळ बोलली नाही. मोठीही बोलली नाही. आईबाबांच्या बोलण्यातून फोनचं तिलाही कळलं होतं, तिने तर दाराआड उभं राहून आईला सुनावलं, "तू मला जागा मिळवून दिलीस आणि तूच काढून घेतलीस." मुलगी खरं बोलत होती. घरात नवरा तेवढा नेहमीसारखा बोलत राहिला, कोण कोणत्या मजल्यावर अडकलं ते सांगत राहिला, आणि एकदा मध्येच म्हणाला, "बरं केलंस." तेवढंच.

मोठी कालव्याजवळच्या शाळेत गेली. तिथे परीक्षा नव्हती, कोणीही जावं. पहिले काही महिने तिने तोंड वाकडं करून घालवले, मग तिथल्या विज्ञानाच्या बाई तिला आवडल्या, मग मैत्रिणी झाल्या, मग ती तिथलीच झाली. चमत्कार काही घडला नाही. कधी पहिली आली, कधी नाही.

धाकटी पुन्हा दुकानात आली ती एक फ्रेम बनवायला. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोटो होता. काम झाल्यावर ती म्हणाली, "मोठीला शनिवारी पाठवत जा. छोटी एकटी असते." आणि जराशाने, "मीही असते."

मग मोठी शनिवारी बेकरीवर जाऊ लागली. दोन शाळांच्या दोन वेगवेगळ्या वह्या एका पलंगावर पसरू लागल्या. मोठी घरी येऊन सांगायची, काकूने असं म्हटलं, काकूने तसं केलं, काकू किती छान समजावते. फ्रेमवाली ऐकायची आणि छातीत ते जुनं टोचायचं. माझ्या पोरीला माझ्यापेक्षा काकू आवडते की काय? ती हे नवऱ्याला सांगायची. नवरा म्हणायचा, "आता यातही?"

"यातही," ती कबूल करायची.

हेवा असा एका चढावर टाकून येता येत नाही. निळ्या कोटातली छोटी रस्त्याने दिसली की फ्रेमवालीची नजर अजूनही आधी कोटावर जाते. ती छोटीला हाक मारते, जवळ घेते, डोक्यावरून हात फिरवते आणि पहिला प्रश्न विचारते तो गुणांचाच. छोटी हसून खरे गुण सांगते. मग फ्रेमवाली घरी येऊन मोठीचे गुण विचारते, दोन्ही मनात शेजारीशेजारी ठेवते, आणि मोठी तिच्याकडे बघायला लागली की पटकन म्हणते, "काही नाही गं. जेवायला बस."